इंजिनाची बदली

गेल्या हिवाळ्यात माळ्यावरून एक लांबट खोके खाली आले आणि त्यातून पंधरा-सोळा वर्षे अंधारात पडून राहिलेले माझे हेलिकॉप्टर बाहेर निघाले, तेव्हा घरातील मंडळींनी प्रथम नाके मुरडली. कारण एरंडेल, मद्यार्क आणि जळका धूर यांचा जो संमिश्र दर्प त्याच्या चौकटीत मुरला होता, तो इतक्या काळानंतरही अणुमात्र उणावला नव्हता. तैवानच्या थंडर टायगर कंपनीचे हे रॅप्टर ३०. पाती फिरू लागली की सव्वा मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापणारे, वजनाने तीन किलोच्या आसपास, आणि पाच घनसेंटिमीटरांच्या, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढ्या पोकळीच्या इंजिनावर उडणारे. दंतचक्रे शाबूत होती, दांडे सरळ होते. इंजिन मात्र तेलाचा डिंक होऊन जागच्या जागी गोठले होते.

अशा जुन्या यंत्राचे काय करावे, यावर या छंदातील जाणकारांत दोन तट आहेत. नायट्रोचे, म्हणजे मिथेनॉलवर आधारलेल्या इंधनाचे, यंत्र नायट्रोवरच उडावे, नाहीतर काचेच्या कपाटात मानाने बसावे, असे एक म्हणतो. दुरुस्तीच्या खर्चात थोडी भर घातली असता नवे विद्युत हेलिकॉप्टर तयार मिळते, मग हा खटाटोप कशाला, असे दुसरा विचारतो. दुसऱ्याचा हिशेब चुकलेला नाही, हे मी कबूल करतो. तथापि सुस्थितीतील दंतचक्रे, दांडे आणि चौकट केवळ एका अवयवाच्या पायी भंगारात घालणे मला उधळेपणाचे वाटते, आणि उडण्यासाठी घडवलेल्या वस्तूला कपाटात कोंडणे त्याहून वाईट. इंजिनाची बदली करून जागी विद्युत मोटर बसवावी आणि हेलिकॉप्टर कामावर ठेवावे, असे माझे मत आहे.

अर्थात बदलीचा हुकूम काढण्यापूर्वी इंजिनाची कैफियत ऐकून घेणे न्यायाचे होईल. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला, तेव्हापासून या चिमुकल्या इंजिनांना ठिणगी पाडण्याच्या सरंजामाची गरजच उरली नाही. प्लॅटिनमयुक्त तारेची एक बारीक गुंडाळी आरंभी दीड व्होल्टच्या सेलवर लाल करायची आणि इंजिन सुरू होताच सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉलची वाफ व प्लॅटिनम यांच्या सान्निध्यात घडणारी रासायनिक क्रिया आणि ज्वलनाची उष्णता एवढ्यावरच ती तार तप्त राहते. १९७० च्या सुमारास जर्मनीत डिटर श्लूटर यांनी रेडिओनियंत्रित हेलिकॉप्टर हुकमी उडवून दाखवले, तेही इंधनावरच. कार्ब्युरेटरची सुई थोडीशी फिरवायची, धुराची रेघ न्याहाळायची, आवाज जड झाला की कोरडा झाला हे कानाने ठरवायचे, ही विद्या ज्याने चारदोन प्लग जाळून कमावली, त्याला मोटरीची कळ दाबताना काहीतरी गमावल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. मलाही वाटले.

परंतु हेच मिथेनॉल आपल्याकडे निराळ्या कारणाने कुप्रसिद्ध आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत ज्या दारूने शंभराहून अधिक माणसांचे प्राण घेतले, तिच्यातील विष मिथेनॉलच होते; तेव्हा त्याच्या खरेदी-विक्रीवर परवान्याचा आणि नोंदवहीचा अंमल असण्याबद्दल तक्रार करण्यास जागा नाही. खेळाच्या चार लिटर इंधनासाठी दरखास्त घेऊन मी एकेकाळी एका दप्तराच्या पायऱ्या झिजवल्या आहेत आणि माझ्याकडे संशयाने पाहणाऱ्या कारकुनाला मनोमन बोल लावला आहे. आज तो लाववत नाही.

मात्र विजेकडे वळणाऱ्याने पर्यावरणाची पताका खांद्यावर घेऊन मिरवू नये. रविवारी सकाळी पाव-अर्धा लिटर इंधन जाळल्याने आकाश काळवंडत नव्हते, आणि महाराष्ट्रातील बरीचशी वीज आजही कोळशातूनच येते. शिवाय बॅटरी ही काटकसरीची वस्तू नव्हे. वजनास वजन तोलले तर मिथेनॉलमध्ये लिथियम पॉलिमर बॅटरीच्या तीसेक पट ऊर्जा असते. इंजिन त्यातील बहुतांश उष्णतेत उधळते हे खरे, तरीही टाकी भरली की बारा मिनिटे उडणारे यंत्र आता सात-आठ मिनिटांत खाली उतरवावे लागते, आणि इंधन उडता उडता हलके होत असे तशी बॅटरी होत नाही.

प्रत्यक्ष कामात जोडण्यापेक्षा काढणेच अधिक निघाले. टाकी, सायलेन्सर, क्लच हे तर गेलेच, पण त्यांच्याबरोबर इंजिन थंड करणारा पंखा व त्याचे आवरणही गेले. कारण हेलिकॉप्टर एका जागी तरंगताना समोरून वारा लागत नाही, म्हणून इंजिनाला स्वतःचा वारा स्वतःच घालून घ्यावा लागत असे. क्लचचे काम मोटरीच्या वेगनियंत्रकाच्या मंद प्रारंभाने भागते. मोटर निवडताना त्रैराशिक मांडले: मुख्य पंख्याला मिनिटाला १,७०० फेरे हवेत, दंतचक्रांचे प्रमाण सुमारे साडेनऊस एक, म्हणजे मोटरीला सोळा हजारांवर फेरे हवेत, सहा सेलांच्या २२.२ व्होल्टवर, व्होल्टमागे ९०० फेरे देणारी मोटर मोकळी असता वीस हजारांच्या घरात जाते, आणि वरची शिल्लक भाराखाली खर्ची पडते. पिनियन, म्हणजे मोटरीवरचे लहान दंतचक्र, व मुख्य चक्र यांच्या दातांत वहीच्या कागदाची पट्टी दाबून मोटर आवळली आणि पट्टी ओढून काढली, की हवी तेवढीच फट राहते. बॅटरी नाकाकडे सरकवीत, पात्यांना स्थिर ठेवणारा समतोलदंड दोन बोटांवर धरून नाक क्षितिजाला समांतर झाले तेथे तिची जागा कायम केली. समतोलदंड काढून त्याचे काम इलेक्ट्रॉनिक पेटीकडे सोपवण्याची सूचना अनेकांनी केली. ती मी फेटाळली. एकाच वर्षी सगळा कर्मचारीवर्ग बदलू नये.

एका गोष्टीबाबत मात्र जुन्या उडवणाऱ्यांनी फार सावध असावे. इंजिन गुरगुरत असे, तोवर ते जिवंत आहे हे गावाला कळे. मोटर निःशब्द असते. बॅटरी जोडली की यंत्र मेल्यासारखे दिसते, आणि बोटाच्या चुकीच्या स्पर्शासरशी पाती हाड मोडण्याच्या वेगाने फिरू लागतात. म्हणून घरातील पहिली चाचणी पाती उतरवून आणि पिनियन चक्रापासून दूर सरकवून केली. तरीही बायकोने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले, ते योग्यच केले.

पहिल्या उड्डाणात हेलिकॉप्टर कंबरेएवढ्या उंचीवर स्थिर झाले आणि पात्यांचा हवा कापण्याचा आवाज मी त्या यंत्रातून प्रथमच ऐकला. दोन मिनिटे झाली असतील नसतील, तोच शेपटीकडून एक बारीक, कोरडी करकर येऊ लागली. उतरवून पाहतो तो शेपटीच्या दांड्याचे एक बेअरिंग खडबडीत झालेले. नायट्रोच्या गोंगाटात ते किती वर्षे तसेच फिरत होते, कोण जाणे.