तळ्यात रंग ओतण्याआधी उकिरडा पाहा

परसातल्या तळ्यातलं शेवाळ आणि पाणतण आटोक्यात आणण्यासाठी निळा रंग टाकायचा, ही टूम आता सातारा जिल्ह्यातल्या आमच्या जावळी तालुक्यात, मेढ्यापर्यंत आली आहे. बाटली घरपोच मिळते, म्हणून ओळखीचे लोक विचारतात, ‘मागवू का?’ माझं उत्तर एकच असतं: जावळीतल्या मातीच्या, भरून वाहणाऱ्या तळ्यात हा रंग टाकू नका.

हा रंग तणनाशक विषासारखा काम करत नाही, हे आधी सांगायला हवं. त्यातला मुख्य घटक ॲसिड ब्लू ९ म्हणजे खाण्याच्या पदार्थांतल्या ब्रिलियंट ब्लूच्याच घराण्यातला. जोडीला बहुधा पिवळा टार्ट्राझिन असतो. उन्हातल्या ज्या प्रकाशावर पाण्याखालची झाडं अन्न तयार करतात, तो हे दोघे अडवतात. अमेरिकेत गोल्फच्या मैदानांवरच्या तळ्यांत ही पद्धत रुळली आहे. पण तिच्या अटी आहेत. पाणी साठलेलं हवं, पुरेसं खोल हवं आणि तण वर येण्याआधीच रंग पडायला हवा. जलपर्णी पाण्यावर तरंगते, तिची पानं उन्हातच असतात. तिला या रंगाने काही होत नाही. पिण्याच्या पाण्यात तर तो चालतच नाही.

आता आपला मुलूख पाहा. महाबळेश्वराच्या पायथ्याचा पाऊस जूनमध्ये सुरू झाला की इथलं प्रत्येक तळं सांडायला लागतं. ते पाणी ओढ्याने वेण्णेत, वेण्णेतून कण्हेर धरणात आणि पुढे माहुलीला कृष्णेत जातं. वाटेत विहिरी आहेत, गुरांचे पाणवठे आहेत. आपण तळ्यात ओतलेलं आपल्या कुंपणात राहत नाही.

खरा प्रश्न तण कशावर पोसतं हा आहे. माझ्या तळ्याच्या वरच्या अंगाला गोठा आणि उकिरडा आहे. पावसात तिथलं काळं पाणी थेट तळ्यात उतरायचं आणि दिवाळीनंतर ऊन पडलं की हायड्रिला हे पाण्याखालचं तण माजायचं. नत्र आणि स्फुरद आम्हीच पुरवत होतो. उकिरड्याखाली चर काढून ते पाणी केळीकडे वळवलं, तेव्हा तणाचा जोर ओसरला. उरलेलं दाताळ्याने ओढून काढतो, तुकडे वेचून घेतो, कारण हायड्रिलाचा तुकडाही पुन्हा रुजतो. बांधावर निथळलं की ते उकिरड्यात जातं आणि पुढच्या हंगामात भाताच्या खाचरात. तणाबरोबर तळ्यातलं खतही बाहेर पडतं. रंगाने हे होत नाही. अंधारात मेलेलं तण तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, आणि खत तळ्यातच राहतं.

सावलीच हवी असेल तर कमळ किंवा कुमुदिनी लावा. पानांनी अर्धं पाणी झाकलं की खालच्या तणाला ऊन कमी पडतं. मासे पाळणाऱ्यांनी थोडे गवत्या सोडावेत. 1959 मध्ये भारतात आणलेला हा मासा हायड्रिला आवडीने खातो. मात्र तो बाहेरचा आहे, म्हणून सांडव्याला बारीक जाळी बांधल्याशिवाय सोडू नये.

प्लास्टिकचा कागद घातलेलं, न सांडणारं, पिण्याला न लागणारं तळं असेल आणि कोणी उन्हाळ्यात बेताने रंग वापरला, तर माझी हरकत नाही. मेढ्याची नगरपंचायत आणि कृषी खातं यांनी मात्र पावसाळ्याआधी वाडीवाडीत हा फरक समजावून सांगावा. आणि तळं असणाऱ्या प्रत्येकाने बाटली मागवण्याआधी मे महिन्यात कुदळ घेऊन उकिरड्याखालचा चर काढावा.