ठोसा पायातून निघतो

आखातात नोकरीला असलेला मामू किंवा चाचा सुट्टीवर येताना व्हीआर हेडसेट घेऊन येतो, आणि मग घरातली मुलं तो डबा डोळ्यांवर बांधून हवेत ठोसे मारत सुटतात. गोंदियात अशी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली नाहीत. पालक आम्हाला विचारतात, हा व्यायाम आहे की नुसता खेळ? बॉक्सिंग खरंच शिकता येतं का यातून? आणि चार दिवसांत पोराचं कोपर का दुखायला लागलं?

व्यायाम आहे, आणि चांगला घाम काढणारा आहे. शिकता मात्र अर्धंच येतं. का, ते नीट समजून घेतलं तर कोपराचंही उत्तर त्यातच मिळतं.

या यंत्राला तुमच्या मुलाच्या शरीरातल्या तीनच जागा पक्क्या कळतात: डोकं, उजवी मूठ आणि डावी मूठ. डोक्यावर हेडसेट, हातांत दोन कंट्रोलर. मूठ किती वेगाने गेली आणि कुठे लागली, यावर समोरचा खोटा पहिलवान पडतो. पाय कुठे होते, कंबर वळली की नाही, हे त्याला दिसत नाही. त्यामुळे मुलगा जागेवर ताठ उभा राहून नुसते हात झटकत राहिला, तरी स्क्रीनवर शाबासकी मिळते. आमच्या शाळेत खेळाचे तासही आमच्याकडेच असल्याने मुलांना घेऊन शालेय स्पर्धांना नागपूरला जावं लागतं. तिथे बॉक्सिंगच्या रिंगणापाशी आम्ही थांबतोच. प्रशिक्षक बाहेरून ओरडत असतात, ते दहातल्या सात वेळा पायांबद्दल. जे प्रशिक्षक सगळ्यात जास्त बघतो, तेच यंत्राला दिसत नाही.

कुदळ मारणारा मजूर पाहा. नुसत्या हातांनी कुदळ मारणारा तासाभरात थकतो. मुरलेला माणूस पाय रोवतो आणि कमरेतून घाव घालतो. ठोशाचंही तेच आहे. उजव्या हाताच्या मुलाने डावा पाय पुढे, उजवा मागे ठेवावा, मधलं अंतर खांद्यांएवढं. गुडघे किंचित सैल, मागची टाच थोडी उचललेली. हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांपाशी, कोपरं बरगड्यांजवळ.

पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे जॅब. मूठ सरळ रेषेत जाते, शेवटी तळवा जमिनीकडे वळतो आणि मूठ त्याच वाटेने गालापाशी परत येते. परत येणं हा ठोशाचा अर्धा भाग आहे, आणि मुलं नेमका तोच सोडतात. मागच्या उजव्या हाताचा ठोसा म्हणजे क्रॉस. तो हातातून सुरूच होत नाही. आधी मागच्या पायाचा चवडा जमिनीवर फिरतो, चवड्याखाली बिडीचं थोटूक विझवावं तसा. (आमच्या जिल्ह्यात ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.) मग कंबर, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ. हूकमध्ये कोपर काटकोनात वाकलेलंच राहतं आणि अंग वळतं. अपरकट गुडघे वाकवून खालून वर येतो. प्रत्येक ठोशाला श्वास नाकातोंडातून झटक्याने बाहेर. रोखून धरलेला श्वास दुसऱ्याच मिनिटाला माणसाला बसवतो.

आता कोपर. खऱ्या बॉक्सिंगमध्ये ठोसा बॅगेवर जाऊन थांबतो. इथे समोर हवा आहे, थांबवणारं कुणी नाही. मुलगा पूर्ण जोर लावतो, हात सरळ होऊन कोपराच्या सांध्याला झटका बसतो. असे शेकडो झटके एका संध्याकाळी. म्हणून हवेतला ठोसा कोपर पूर्ण ताठ होण्याआधीच मागे ओढायचा. मनगट सरळ, कंट्रोलर हलका धरायचा, पट्टा मनगटात अडकवलेला. काही मुलं जोर वाढावा म्हणून मनगटाला वजनं बांधतात. ती आजच काढून ठेवा. दुखणं आठवड्यात गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

मोहम्मद अलींचे जुने व्हिडिओ बघून मुलं हात खाली सोडून नाचतात, हाही एक प्रकार. अली हात खाली ठेवत ते खरं, पण त्यांचे पाय आणि त्यांची नजर त्यांना वाचवत होती. तरीही १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सन असल्याचं निदान झालं, आणि डोक्यावर खाल्लेल्या ठोशांशी त्याचा संबंध अनेकांनी जोडला. या खेळात तो धोका नाही. चेहऱ्यावर मारण्याची दीनमध्ये मनाई असल्याने बॉक्सिंगबद्दल अनेक उलेमांनी नापसंती दाखवली आहे, हे वाचकांना माहीत आहे. यंत्रातल्या चित्राला मारण्याचा मसला वेगळा की तोच, हे आम्ही सांगणार नाही, आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. कुणाचा जबडा मोडत नाही एवढं मात्र दिसतं.

आम्हाला जास्त खटकतं ते दुसरंच. ज्या घरांत आम्ही हा खेळ पाहिला, तिथे बहुतेक ठिकाणी हेडसेट भाईजानच्या डोक्यावर आणि बहीण मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढायला. तिची पाळी आली तर सगळे झोपल्यावर. का बरं? एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्स शहरात झालेल्या युवा जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत भारताच्या मुलींनी ७ सुवर्णपदकं आणली. त्यातलं ८१ किलोवरच्या गटातलं पदक अल्फिया पठाणचं, आपल्या नागपूरच्या, पोलीस खात्यातल्या वडिलांच्या मुलीचं. नांदेडला लागून असलेल्या निजामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत जगज्जेती झाली. दोघींच्याही मागे आधी त्यांचे वालिद उभे राहिले, पदकं नंतर आली. चार भिंतींच्या आत, कुणाच्या नजरेशिवाय, सलवार-कमीजमध्ये सुद्धा करता येईल असा हा व्यायाम आहे, आणि तिथेही मुलीचा नंबर शेवटी लागावा?

तेव्हा पाळी ठरवून द्या, आणि व्हिडिओ काढणाऱ्याला खरं काम द्या. त्याने फोन हातांवर धरायचा नाही, पायांवर धरायचा. मागचा चवडा फिरला का, मूठ गालापाशी परत आली का, एवढं दोनच बघायचं आणि मोठ्याने सांगायचं. यंत्राला न दिसणारी गोष्ट घरातल्या माणसाला दिसते. अम्मी भाजी निवडता निवडता हे काम करू शकते, आम्ही करताना पाहिलं आहे.

पहिला आठवडा हेडसेट कपाटातच राहू द्या. आरशासमोर रोज दहा मिनिटं फक्त उभं राहणं, जॅब आणि क्रॉस, तेही सावकाश. नंतर खेळ सुरू करताना ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. हौशी बॉक्सिंगमध्ये एवढंच असतं. फेरी संपल्यावर हेडसेट काढून घाम पुसायचा, मे महिन्यात तर नक्कीच, कारण आतली काच धुकटते आणि चक्कर येते. दहा वर्षांखालच्या मुलांच्या डोक्यावर तो बांधू नका. क्वेस्ट बनवणाऱ्या मेटा कंपनीचाही तसाच नियम आहे, आणि १० ते १२ वर्षांच्या मुलांचं खातं पालकांच्या ताब्यात असावं लागतं.

जागा निवडताना आधी वर बघा. आपल्या घरांत छत खाली असतं आणि पंखा त्याहून खाली. अपरकटचा हात थेट पात्यांत जाऊ शकतो. पंखा बंद करा, कूलर बाजूला सरकवा, तख्त आणि टीव्हीपासून दोन हात लांब उभे राहा, आणि रांगणारं मूल घरात असेल तर खोलीची कडी आतून लावून घ्या.