चष्म्याविना थ्रीडी: गंमत करा, पण डोळेही तपासा

औंढा नागनाथला गेलात की एक प्रयोग करा. मंदिराच्या भिंतीवरील एखाद्या मूर्तीचा मोबाइलने फोटो घ्या. मग मोबाइल साधारण ६ सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरा घ्या. आपल्या दोन डोळ्यांत जवळपास एवढेच अंतर असते.

घरी पहिला फोटो उजवीकडे, दुसरा डावीकडे ठेवा. फोटो आणि नाक यांच्या मधोमध बोट धरून बोटाच्या टोकाकडे पाहा. बोट हळूहळू पुढेमागे करा. मागे तीन चित्रे दिसतील. मधल्या चित्रात मूर्ती भिंतीतून पुढे आलेली दिसेल. डोके दुखू लागले तर थांबा.

दोन डोळ्यांना किंचित वेगळे चित्र दिसते आणि त्यातून मेंदू खोली ओळखतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवले.

या खेळाने चष्म्याचा नंबर जातो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. नंबर डोळ्याच्या आकारामुळे येतो. तो अशा व्यायामाने बदलत नाही.

तुम्हाला हे जमले नाही तरी घाबरू नका. अनेकांना सराव लागतो. मला काळजी वाटते ती लहान मुलांची. एका डोळ्याने कमी दिसणारे मूल तक्रार करत नाही, कारण त्याला तेच नेहमीचे वाटते. घरी त्याचा एकेक डोळा झाकून पाहा. एकच डोळा झाकल्यावर ते चिडत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. तिरळेपणा 'भाग्याचा' म्हणून सोडू नका. 'आळशी डोळ्या'वर सात वर्षांच्या आत उपचार झाले, तर फायदा सर्वाधिक होतो.