एका गुणाचा प्रश्न

आमच्या एका वाचकाचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. त्यांची कन्या नववीत शिकते. वाचनाची तिला आवड आहे आणि शाळेच्या प्रश्नमंजूषा संघात तिची निवड झाली आहे. जिल्ह्याच्या गावी आंतरशालेय स्पर्धा होती. धर्म व संस्कृती या विषयाच्या फेरीत प्रश्न आला, "विष्णूचा नववा अवतार कोणता?" उत्तर काय अपेक्षित आहे हे त्या मुलीला ठाऊक होते. तिने बटणावर हात ठेवला आणि काढून घेतला. शेजारच्या संघाने "गौतम बुद्ध" असे उत्तर दिले, टाळ्या पडल्या आणि एक गुण तिकडे गेला. स्पर्धेच्या अखेरीस तिची शाळा एकाच गुणाने मागे राहिली. परतीच्या प्रवासात मैत्रिणींनी तिला बोल लावला. तिच्या घराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. मुलीने केले ते योग्य की अयोग्य, असे वडिलांनी आम्हांस विचारले आहे.

एका गुणाची ती काय मातबरी, असे कोणी म्हणेल. आमचे मत तसे नाही. पाठ्यपुस्तकातील धडा विद्यार्थी सावकाश वाचतो, त्यावर शिक्षकांशी बोलतो, घरी येऊन वडीलधाऱ्यांना विचारतो. प्रश्नमंजूषेत हे काहीच घडत नाही. प्रश्न पाच सेकंदांत कानावर पडतो, उत्तर त्याहून कमी वेळात द्यावे लागते, आणि सूत्रसंचालकाच्या हातातील कार्डावर जे छापले आहे तेच त्या सभागृहापुरते सत्य ठरते. उत्तर चुकले तर गुण जातो. प्रश्नच चुकला असेल तर मात्र कोणाचेही काही जात नाही, आणि प्रश्नाच्या पोटात दडलेले विधान तीनशे मुलांच्या डोक्यात निमूटपणे जाऊन बसते.

प्रथम हा प्रश्न प्रश्न म्हणून तरी टिकतो काय ते पाहू. ज्याला एकच निश्चित उत्तर आहे तोच प्रश्न स्पर्धेत चालतो, हे प्रश्नकर्त्यांचे स्वतःचेच सूत्र आहे. जयदेवाच्या गीतगोविंदातील दशावतारांत बलराम आठवा आणि बुद्ध नववा आहे. कृष्ण त्या गणनेत नाहीच. दक्षिणेतील श्रीवैष्णवांच्या यादीत बलराम आठवा आणि कृष्ण नववा येतो, तेथे बुद्धाला जागा नाही. आपल्या महाराष्ट्रात तर दशावतारांच्या कित्येक चित्रांत नवव्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठोबा उभा आहे! तेव्हा त्या सभागृहात एखाद्या मुलाने "कृष्ण" किंवा "विठ्ठल" असे उत्तर दिले असते, तर परीक्षकांनी कोणत्या आधारावर त्याचा गुण नाकारला असता?

परंतु ही झाली तांत्रिक उणीव. खरा दोष याहून खोल आहे. एका परंपरेची श्रद्धा हा प्रश्न वस्तुस्थितीच्या रूपाने मांडतो आणि उत्तर देणाऱ्याकडून तिच्यावर संमतीची मोहोर उमटवून घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पाचवी नेमकी याच गोष्टीविषयी आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, हे मत त्या प्रतिज्ञेने स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. ज्या मुलीने ही प्रतिज्ञा मनापासून घेतली, तिच्यापुढे स्पर्धेने दोनच वाटा ठेवल्या: गुण सोडावा किंवा प्रतिज्ञा सोडावी. नागरिकाला आपल्या सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने दिले आहे. प्रश्नमंजूषेच्या आयोजकांवर कोणी खटला भरावा असे आम्ही सुचवीत नाही. तथापि ज्या घटनेचे कलम कितवे, असा प्रश्न पुढच्याच फेरीत विचारला जातो, तिच्या आशयाची थोडी जाण प्रश्नकर्त्याने ठेवावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आता तोच प्रश्न असा विचारा: "जयदेवाच्या गीतगोविंदातील दशावतारांच्या यादीत नववे स्थान कोणाला दिले आहे?" उत्तर तेच राहिले, पण प्रश्न मुळापासून बदलला. कोण म्हणतो आणि कोठे म्हणतो, हे त्यात आले. या प्रश्नाला आमच्या मुलीने बटण दाबावे, आणि सर्वांच्या आधी दाबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच्या ग्रंथात काय लिहिले आहे हे जाणणे ही विद्या होय. ते मान्य करणे ही निराळी गोष्ट. बाबासाहेबांनी पुराणे आणि स्मृती जेवढ्या बारकाईने वाचल्या, तेवढ्या त्यांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचल्या असतील? १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेला 'रिडल्स इन हिंदुइझम' हा त्यांचा ग्रंथ उघडून कोणीही याची खात्री करून घ्यावी. जाणून नाकारण्यात जे बळ आहे, ते न जाणता नाकारण्यात नाही.

हा न्याय केवळ बौद्धांपुरता मागावयाचा असता, तर आम्ही हा अग्रलेख लिहिला नसता. "जैन धर्माचे संस्थापक कोण?" या प्रश्नाचे "महावीर" हे उत्तर वर्षानुवर्षे बरोबर धरले जात आहे. जैन परंपरेत महावीर चोविसावे तीर्थंकर आहेत आणि त्यांच्या आधी पार्श्वनाथ होऊन गेले, याची प्रश्नकर्त्याला दखल नसते. मुहम्मद पैगंबरांना इस्लामचे संस्थापक म्हटले जाते. मुसलमानाच्या दृष्टीने ते अखेरचे प्रेषित आहेत. बौद्धांचे दोन पंथ हीनयान व महायान, हेही असेच एक ठरीव उत्तर. हीन हा शब्द प्रतिपक्षाने चिकटविलेला आहे. श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड येथील भिक्खुसंघ स्वतःला थेरवादी म्हणवितो आणि आजच्या कोणत्याही बौद्ध पंथाला हीनयान म्हणू नये, असे जागतिक बौद्ध भ्रातृसंघाने १९५० सालीच ठरविले आहे. प्रश्नपत्रिकांपर्यंत ते अद्याप पोहोचलेले दिसत नाही.

धर्माच्या प्रश्नांपेक्षा इतिहासाचे प्रश्न अधिक फसवे असतात, कारण तेथे उत्तर निर्विवादपणे बरोबर असूनही प्रश्न खोटा असू शकतो. "अस्पृश्यांच्या हक्कांसाठी येरवड्याच्या तुरुंगात आमरण उपोषण कोणी केले?" असा प्रश्न आम्ही स्वतः एका समारंभात ऐकला आहे. उत्तर अर्थातच महात्मा गांधी. पण प्रश्नातील पहिले दोन शब्द तपासा. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यवर्गाला स्वतंत्र मतदारसंघ होते आणि त्याशिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मताचा अधिकार होता. २० सप्टेंबरला सुरू झालेले उपोषण या स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात होते. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. या व्यवहारात अस्पृश्यांचा लाभ झाला की हानी, यावर आजही वाद चालतो आणि तो चालावा. पण ज्यांनी हा हक्क मागितला होता त्यांची बाजू त्या दोन शब्दांनी एका फटक्यात पुसून टाकली. "अस्पृश्यांचे हक्क हिरावून घेण्यासाठी उपोषण कोणी केले?" असा उलटा प्रश्न आमच्यापैकी कोणी लिहिला तर तोही तितकाच सदोष ठरेल, कारण वादाचा निकाल तो उत्तराच्या आधीच लावून टाकतो. "सप्टेंबर १९३२ मध्ये येरवडा तुरुंगात सुरू झालेले उपोषण निवाड्यातील कोणत्या तरतुदीविरुद्ध होते?" असे विचारले, तर कोणावरही अन्याय होत नाही, आणि मुलाला थोडे अधिक वाचावे लागते.

येथवर वाचून आमचे जे बंधू माना डोलावीत असतील, त्यांनी आता आपल्या अंगणाकडे वळावे. एप्रिल महिन्यात गावोगावच्या विहारांत आणि समाजमंदिरांत जयंतीनिमित्त प्रश्नमंजूषा होतात. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु तेथील प्रश्न कसे असतात? "कोणत्या विद्यापीठाने बाबासाहेबांना जगातील पहिल्या क्रमांकाचा विद्वान म्हणून घोषित केले?" असा प्रश्न आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. कोलंबिया विद्यापीठाने २००४ साली आपल्या २५० व्या वर्षानिमित्त काळाच्या पुढे पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची व अध्यापकांची नामावली केली, तीत बाबासाहेबांचे नाव आहे. जगातील विद्वानांची ती क्रमवारी नव्हती. ज्यांनी १९२३ साली लंडनमध्ये डी.एस्सी. मिळविली आणि १९२७ साली कोलंबियाची पीएच.डी. घेतली, त्यांच्या थोरवीला असल्या टेकूची गरज काय?

कोरेगावचेही तसेच. "पाचशे महारांनी पेशव्यांच्या अठ्ठावीस हजार सैन्याचा कोठे पराभव केला?" हा प्रश्न म्हणताना मुलांची छाती फुगते हे आम्हांस कळते, आणि तसे का होते हेही कळते. परंतु कंपनीच्या त्या तुकडीत महारांबरोबर अन्य जातिधर्मांचे शिपाई, घोडेस्वार आणि मद्रासचे गोलंदाज होते. अठ्ठावीस हजार हा पेशव्यांच्या त्या भागातील एकूण फौजेचा कंपनीच्या बाजूने केलेला अंदाज आहे. गावात शिरून लढले ते त्यातील थोडे. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला वर्गात कोणी ही आकडेवारी दाखविली, तर तो निरुत्तर होईल, आणि जे निर्विवाद आहे त्यावरचाही त्याचा विश्वास डळमळेल.

निर्विवाद असे पुष्कळ आहे. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांत एका प्रकारचा प्रश्न परिच्छेदाएवढा लांब असतो. आरंभी अवघड खुणा येतात, पुढे सोप्या होत जातात, आणि ज्याला जेथे उत्तर सुचेल तेथे त्याने बटण दाबावयाचे असते. या पद्धतीत प्रश्नकर्त्याला प्रत्येक खूण स्वतंत्रपणे खरी ठेवावी लागते, कारण पहिल्याच वाक्यावर कोणीतरी उत्तर देण्याचा संभव असतो. त्या धर्तीवर असा प्रश्न होईल: "शिरूरहून पुण्याकडे निघालेल्या कॅप्टन स्टाँटन यांच्या तुकडीची गाठ या गावी पेशव्यांच्या फौजेशी पडली. येथील स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी अनेकांच्या अखेरीस 'नाक' हे पद आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी या स्तंभाला भेट दिली. भीमेच्या काठचे हे गाव कोणते?" यात एकही आकडा फुगविलेला नाही, आणि नाक या दोन अक्षरांत जे सांगावयाचे ते सर्व सांगून झाले आहे.

सिद्धार्थाने गृहत्याग का केला, या प्रश्नावरही आपल्याकडे हमखास वाद होतो. वृद्ध, रोगी, शव व संन्यासी यांच्या दर्शनाची कथा निदानकथेत आहे, अश्वघोषाच्या बुद्धचरितातही आहे. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात ती नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेल्या कलहाचे कारण दिले. बाहेरच्या स्पर्धेत "रोहिणीचे पाणी" हे उत्तर चूक ठरविले जाते, आणि आमच्या विहारात चार दृश्ये सांगणाऱ्या मुलाला हसतात. दोन्हीकडे दोष एकच आहे: कोणत्या ग्रंथानुसार, हे विचारलेच नाही. महापरिनिर्वाणाच्या वर्षाचेही तेच. १९५६ साली ज्या गणनेने अडीच हजार वर्षांचा उत्सव झाला ती इ.स.पू. ५४४ च्या सुमाराचा काळ धरते, पाठ्यपुस्तके ४८३ सांगतात, आणि अलीकडचे कित्येक संशोधक ४०० च्या आसपास येतात. एकच साल कार्डावर छापून बाकीच्यांना चूक ठरविणे हा निव्वळ आळस आहे.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात हाच विषय हाताळला आहे. अवेळी स्वपंथाची स्तुती व परपंथाची निंदा करू नये, वाणीला आवर घालावा, आणि सर्व पंथीयांनी परस्परांचे विचार ऐकून बहुश्रुत व्हावे, असे तो सांगतो. बहुश्रुत हा शब्द त्याचाच. मात्र त्याच अशोकाविषयी "कलिंगयुद्धानंतर त्याने कोणता धर्म स्वीकारला?" असा सरधोपट प्रश्न विचारला जातो. तेराव्या लेखात त्याने एक लाख मृत आणि दीड लाख देशोधडीस लागलेले मोजून दाखविले, पश्चात्ताप व्यक्त केला आणि धम्माची ओढ सांगितली. आपण उपासक झालो पण आरंभी फारसा उत्साह दाखविला नाही, ही कबुली त्याने दुसऱ्याच लेखांत दिली आहे. एका दिवसात झालेला तो बदल नव्हता. आणि हा पश्चात्तापाचा लेख खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, कोरलेलाच नाही! तेथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. असे का, याचा विचार करावयास लावणारा प्रश्न आम्हांस अजून एकाही स्पर्धेत आढळला नाही.

आमच्या वाचकाला आम्ही उत्तर धाडले आहे. मुलीने हात मागे घेतला यात तिचा दोष नाही. तिने उत्तर दिले असते तरी प्रतिज्ञाभंग झाला असता असे आम्ही मानीत नाही. शाळेने आयोजकांकडे लेखी हरकत नोंदवावी, असेही कळविले आहे. अमेरिकेतील ज्या स्पर्धांचा उल्लेख वर केला, तेथे हरकतीची रीतसर सोय असते. ती येथेही असावी. पत्राच्या अखेरीस त्या गृहस्थांनी लिहिले आहे की, येत्या जयंतीच्या स्पर्धेसाठी प्रश्न काढण्याचे काम विहाराच्या समितीने त्यांच्या कन्येकडे सोपविले आहे. तिला आमची सूचना एवढीच की, प्रत्येक कार्डाच्या पाठीमागे ग्रंथाचे नाव आणि पृष्ठ लिहावे, जेथे दोन उत्तरे संभवतात तेथे दोन्ही लिहावीत, आणि ती कार्डे स्पर्धेपूर्वी गावातील एखाद्या जैन, मुसलमान व वारकरी शिक्षकाला वाचावयास द्यावीत. पन्नास कार्डांना दोन संध्याकाळी पुरतील.