पहिला पगार आणि पाटल्या

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, पहिला पगार झाला!" आवाज असा की फोनमधूनच पेढा देतोय. चार महिने घरी बसून होता बिचारा, आता शेंद्र्याच्या एमआयडीसीत लागलाय. मलाही बरं वाटलं. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "मामा, बुलेट बघून ठेवलीय. डाउन पेमेंटपुरते खात्यात आहेत. घेऊ का?"

"उद्या सांगतो," म्हणून फोन ठेवला. बायको शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त हातातल्या पाटल्या जरा वर सरकवल्या. आमच्या घरात याचा अर्थ काय होतो ते भाच्याला माहीत नाही. तुम्हा बऱ्याच नातेवाइकांनाही माहीत नाही. आज सांगून टाकतो.

गोष्ट २०२० ची. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं, छत्रपती संभाजीनगर झालं ते २०२३ मध्ये. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी क्वालिटीला होतो. सात वर्षं झाली होती, पगार २०,०००. घर बजाजनगरात, सायकलवर जायचं आणि यायचं. जूनअखेर हातात पत्र पडलं. त्यात १० ते १८ जुलै शहरात पुन्हा कडक लॉकडाउन, म्हणजे नोकरी शोधायलाही बाहेर पडता येईना.

बायकोने त्याच दिवशी मुलीची जुनी वही घेतली आणि खर्च लिहायला सुरुवात केली. महिन्याला ९,००० मध्ये घर चालवायचं ठरलं. घराचा हप्ता ६,२००, पण रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती (व्याज चालूच होतं, ते नंतर कळलं). ऑगस्टमध्ये वैजापूरहून दादाने ४०,००० पाठवले. मी मागितले नव्हते. "राहू दे जवळ," एवढंच म्हणाला.

आणि एक मदत सरकारी आली. आपल्याकडे बेकारभत्ता नसतो असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. पण ईएसआयसीची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' १ जुलै २०१८ पासून सुरू झाली होती. पगारातून ईएसआय कापला जातो (माझ्या वेळी त्याला २१,००० पगाराची मर्यादा होती) आणि किमान दोन वर्षं नोकरी झालीय, अशा माणसाची नोकरी गेली तर सरासरी रोजच्या मिळकतीच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस. ऑगस्ट २०२० मध्ये ईएसआयसीने २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी ते ५० टक्के केलं. माझा हिशोब दिवसाला ३२५ च्या आसपास बसला, ९० दिवसांचे साधारण २९,००० खात्यावर आले. जर्मनीत निव्वळ पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७, आणि वर्षभर मिळू शकतात. त्या मानाने आपलं काहीच नाही. पण त्या ऑक्टोबरात मला ते २९,००० कसे वाटले ते मीच जाणे.

तर मंडळी, बेकारीचे ते साडेपाच महिने आम्ही व्यवस्थित काढले. खरं सांगतो, भांडणही झालं नाही. वही होती, दोघांना आकडा माहीत होता, आणि कोणी काही अपेक्षा करत नव्हतं. नातेवाईकही आहेर-बिहेर नको म्हणायचे.

घोळ झाला तो नोकरी लागल्यावर.

१४ डिसेंबरला मी शेंद्र्याला एका कंपनीत रुजू झालो. पगार १८,०००. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर जाऊन हातात १६,३४५. खात्यात तेव्हा साठेक हजार होते. ते कुठून आले हे सांगायला मला आजही लाज वाटते. नोव्हेंबरात घाबरून मी पेन्शनचे पैसे काढून घेतले होते. पीएफचा मोठा भाग घर घेतानाच संपला होता, पेन्शनचे सात वर्षांचे पंच्याऐंशी हजार मिळाले. त्यातून किराणा उधारी आणि मुलीची फी भागवली, बाकी शिल्लक होते.

बजाजनगर ते शेंद्रा म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाच्याही पलीकडे, जाऊन-येऊन साठ किलोमीटर. जुनी गाडी रोज कुठेतरी बंद पडणारच होती. मी नवी मोटारसायकल घेतली. ६०,००० रोख भरले, वरचे थोडे हप्त्यावर. कारण अगदी शहाणपणाचं होतं, पण खरं कारण ते नव्हतंच. साडेपाच महिने मान खाली घालून गल्लीतून गेलो होतो, आता हार घातलेली गाडी दारात उभी करायची होती.

मग सात जानेवारीला पहिला पगार झाला. पावणेचार हजार!

मी थेट एचआरला गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं, "हजेरीचा महिना एकवीस ते वीस. तुम्ही चौदाला आलात, वीसपर्यंत सात दिवस. बाकीचे पुढच्या पगारात." म्हणजे रुजू झाल्यापासून पहिला पूर्ण पगार हातात पडायला जवळजवळ आठ आठवडे. त्यात कोणाची चूक नाही, बहुतेक कारखान्यांत असंच असतं. मला हे माहीत होतं, सात वर्षं तोच हिशोब बघितला होता. पण विचारच केला नव्हता. मधल्या काळात खर्च मात्र पहिल्या दिवसापासून वाढला. पेट्रोल नव्वदीच्या वर, रोज एक लिटर. सेफ्टी शूज, डबा, घराचा हप्ता, आता गाडीचाही हप्ता. शिवाय सगळ्यांना कळलं होतं की लागली नोकरी. भत्ता तर संपलाच होता.

संक्रांतीला दादा तिळगूळ घेऊन आला. दारात गाडी, हार अजून सुकायचा होता. दादाने गाडीकडे बघितलं, म्हणाला, "छान झालं. लांब जायचं म्हणजे गाडी लागतेच रे." चहा घेतला, मुलीच्या हातावर पन्नास रुपये ठेवले आणि गेला. पैशांबद्दल एक शब्द नाही.

त्या रविवारी बायकोचं हळदीकुंकू होतं. ते आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, चला." बँकेत पाटल्या ठेवल्या, ३०,००० घेतले. बेकारीत पाटल्या तिच्या हातात होत्या, नोकरी लागल्यावर गहाण पडल्या! २०२१ च्या दसऱ्याला सोडवून आणल्या. तोवर माहेरी कोणी विचारलं की म्हणायची, "झिजतात हो, घरात ठेवल्यात."

माझं आता पक्कं मत झालंय. पहिला पगार हा नव्या नोकरीचा नसतोच, तो जुन्या बेकारीचा असतो. बेकारी संपते ती ऑफर लेटर मिळतं तेव्हा नाही. ती संपते देणी फिटतात तेव्हा. लोक बेकारीत पैसे कसे पुरवायचे यावर सल्ले देतात. त्याची गरज नसते, हातात नसलं की माणूस आपोआप काटकसर करतो. सल्ला हवा असतो तो पहिल्या तीन पगारांसाठी.

म्हणून भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

एक, रुजू होण्याआधीच विचार, हजेरीचा महिना कधी ते कधी आणि पूर्ण पगार कोणत्या तारखेला. खात्यातले पैसे त्या तारखेपर्यंत पुरवायचेत. ते बक्षीस नाही.

दोन, जितके महिने घरी बसलास तितके महिने बेकारीच्याच वहीवर घर चालव. पगार वाढला तरी वही तीच.

तीन, ज्याने न मागता दिले त्याला पहिल्याच पूर्ण पगारातून काहीतरी परत कर. हजार का होईना. बँक तारीख चुकली की फोन करते, माणूस करत नाही. म्हणून त्याचे पैसे कायम शेवटी जातात, आणि मला वाटतं ते पहिले जायला हवेत.

चार, पेन्शनला हात लावू नकोस. माझा मूळ पगार १२,००० होता, सात वर्षं. सूत्र आहे पगार गुणिले वर्षं भागिले ७०, म्हणजे त्याच पगारावर धरलं तरी अठ्ठावन्नाव्या वर्षापासून दरमहा १,२०० आयुष्यभर. पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. मी काढून घेतली म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा शून्यापासून मोजायला लागलो. नव्या कंपनीत खातं ट्रान्सफर केलं असतं तर ती सात वर्षं जोडली गेली असती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने पेन्शन काढण्यासाठीची मुदत दोन महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेण्याचं ठरवलं तेव्हा लोक फार चिडले. अडचणीतल्या माणसाचा राग मला समजतो. पण २०२० मध्ये ते दार बंद असतं तर माझं भलंच झालं असतं.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. अटल योजनेचा भत्ता आयुष्यात एकदाच मिळतो. माझा वापरून झाला, भाच्याचाही झाला. पुढच्या वेळी (येऊ नये, पण एमआयडीसीत कोण सांगणार?) ईएसआयसी नसेल. ते ९० दिवस आता आपले आपणच साठवायचे. गाडीच्या आधी.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, म्हणजे पेढेपण नको?" म्हटलं, पेढे घे रे, गुलमंडीवर जा, सुपारी हनुमानाला ठेव, आईला दे. बुलेटचं सहाव्या पगाराला बघू. पटलं की नाही माहीत नाही. त्याच्या वयात मला तरी पटलं नसतं. एक्केचाळिसाव्या वर्षीही नाही पटलं :)

असो. दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. तुझे ४०,००० मी २०२२ च्या दिवाळीपर्यंत थोडे थोडे करून दिले, तू ते मोजलेसुद्धा नाहीस. पण संक्रांतीच्या त्या दिवशी चहा पिताना तुझ्या मनात काय आलं असेल, हे मी कधी विचारलं नाही. गाडी घ्यायच्या आधी तुला एक फोन करायला हवा होता. तेवढं राहून गेलं. आज सांगतोय.