दरवर्षीची शर्यत, दरवर्षीचा शेरा

मंडळी, यावेळचा विषय जरा वेगळा आहे. सत्तरी ओलांडलेल्या, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या एका निवृत्त शिक्षिकेने मोटारींच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेमवर लिहावं, याचं काहींना हसू येईल. येऊ दे. गेम मला खेळता येत नाही. नातवाने दोनदा हातात कंट्रोलर दिला आणि दोन्ही वेळा माझी गाडी पहिल्याच वळणावर गवतात गेली. पण या गेमवर लिहिलेली परीक्षणं मात्र मी गेली काही वर्षं आवडीने वाचते. नातवाशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून सुरुवात केली, आणि मग परीक्षणांचीच गोडी लागली. ती वाचताना मला सारखी शाळेतली प्रगतिपुस्तकं आठवतात.

लिहायला निमित्त एका बातमीचं. फॉर्म्युला वन शर्यतींचा अधिकृत गेम दरवर्षी नवा निघतो, हे खेळणाऱ्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. ईए या कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ साठी वेगळा गेम काढणार नाही. 'एफ१ २५' या गेमलाच २०२६ च्या गाड्यांची पुरवणी विकत मिळेल, आणि पुढचा नवा गेम २०२७ मध्ये येईल. वर्षानुवर्षांचा नेम मोडला म्हणून काहीजण हळहळले. मला विचाराल तर बरं झालं. का, ते सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण माझ्या वाचकांत माझ्या वयाचेही बरेच आहेत. कोडमास्टर्स ही इंग्लंडमधली जुनी गेम कंपनी. तिला २००८ साली फॉर्म्युला वनचा परवाना मिळाला. २००९ ला एक लहान आवृत्ती निघाली आणि २०१० च्या सप्टेंबरात 'एफ१ २०१०' हा त्यांच्या बर्मिंगहॅमच्या चमूने केलेला मोठा गेम आला. पावसात भिजणारा आणि हळूहळू वाळत जाणारा रस्ता हे त्याचं मोठं आकर्षण होतं. पुढच्या वर्षी त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला, क्रीडा विभागातला. आपल्याकडचा संबंध सांगायचा तर २०१० मध्येच अनिल अंबानींच्या रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने या कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला होता, आणि कंपनीचं एक कार्यालय पुण्यातही होतं. ईएने कोडमास्टर्स विकत घेतली ती २०२१ साली.

तेव्हापासून दरवर्षी एक गेम. खऱ्या शर्यतींचा हंगाम दरवर्षी नवा, चालक संघ बदलतात, गाड्यांचे रंग बदलतात, म्हणून गेमही नवा. दिवाळी अंक दरवर्षी येतो तसाच. फरक एवढाच की मागच्या दिवाळीचा अंक आपण यंदाच्या अंकाशी ओळीने ताडून पाहत नाही. या गेमचं परीक्षण मात्र पहिल्या वाक्यापासून मागच्या वर्षाशी तुलना करत सुरू होतं. नवीन काय? मागच्या वर्षी घेतला असेल तर यंदा पैसे घालावेत का?

हा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत साठ-सत्तर डॉलर मोजावे लागतात, आपल्याकडेही किंमत हजारांत जाते. मुलांनी खाऊचे पैसे साठवून घ्यायचा आणि आत नुसती नावं बदललेली निघायची, तर कुणीतरी ते ठणकावून सांगायलाच हवं. आमच्या वेळी गाइडच्या नव्या आवृत्त्या निघत. वरचं चित्र बदललेलं, आतले प्रश्न तेच. वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत घेतलेलं गाइड तेवढंच उपयोगी पडतं, हे वर्गात स्पष्ट सांगणाऱ्या शिक्षकांपैकी मी एक होते. तेव्हा ग्राहकाची बाजू मला कळते.

आणि समीक्षकांनी ती बाजू नीट घेतल्याची उदाहरणंही आहेत. 'एफ१ २०१५' नव्या पिढीच्या यंत्रांसाठी आला. चित्रं देखणी, पण करिअर मोडच गायब. म्हणजे एक चालक होऊन हंगामामागून हंगाम पुढे जाण्याची जी सोय, ज्यासाठी बहुतेक मुलं हा गेम घेतात, तीच काढून टाकलेली! समीक्षकांनी शंभरपैकी साठीच्या घरात गुण दिले. पुढच्या वर्षी 'एफ१ २०१६' मध्ये दहा हंगामांचं करिअर आलं, सेफ्टी कार परत आली, शर्यतीआधीची संथ फेरी आली, आणि गुण ऐंशीच्या वर गेले. कान वेळेवर धरला की मूल सुधारतं, ते असं. 'एफ१ २०२०' मध्ये स्वतःचा अकरावा संघ काढून तो चालवायची सोय आली, तिचंही भरभरून कौतुक झालं. ते योग्यच होतं.

खरी अडचण पुढे सुरू होते. गेम चांगला जमला, आता पुढच्या वर्षी काय? चांगलाच आहे, फारसा बदललेला नाही, असं म्हणायची वेळ आली की समीक्षकाची लेखणी अडखळते. मग शेरा येतो, "नावीन्याचा अभाव". माझ्या वर्गात एखाद्या मुलीला मागच्या वर्षी पंच्याऐंशी टक्के आणि यंदाही पंच्याऐंशी टक्के पडले, तर मी तिच्या प्रगतिपुस्तकावर "प्रगती नाही" असं लिहायचं का? यंदाचा अभ्यासक्रम अवघड होता, तरी तिने आपली जागा राखली, हे कुठे लिहायचं? बत्तीस वर्षांत असले शेरे लिहिणारे सहकारी मी पाहिले आहेत, आणि ते वाचून घरी मार खाणारी मुलंही पाहिली आहेत.

शेऱ्याचा परिणाम होतो, मंडळी. "नवं काही नाही" असं दरवर्षी ऐकणारा माणूस नवं काहीतरी करून दाखवतो, मग ते लागो वा न लागो. 'एफ१ २२' पाहा. त्या वर्षी खऱ्या गाड्याच पार बदलल्या होत्या, चाकं अठरा इंची झाली, हवेच्या दाबाचं सगळं गणित नवं. गेम करणाऱ्यांना एवढं काम पुरे होतं. पण त्यात 'एफ१ लाइफ' नावाचा एक प्रकार घातला. आपल्या चालकाचं घर, त्यात सोफे, भिंतीवरची सजावट, कपडे आणि मिरवायला महागड्या गाड्या! शर्यतीच्या गेममध्ये सोफा कशाला, असं समीक्षकांनीच विचारलं. पण दरवर्षी नवलाई मागणाऱ्यांत तेही होतेच की. पुढच्या वर्षी ते 'एफ१ लाइफ' गुंडाळलं. त्याच 'एफ१ २३' मध्ये अपघातानंतर शर्यत थांबवणारा लाल झेंडा आला, तो खरा कामाचा बदल.

त्याहून बोलकं उदाहरण 'एफ१ २४' चं. इथे कंपनीने थेट गाडी वळण्याची तऱ्हाच बदलली. जगज्जेत्या मॅक्स वेर्स्टापेनचा सल्ला घेतला आहे, असंही सांगितलं. मे २०२४ च्या अखेरीस गेम आला आणि खेळणाऱ्यांनी ओरडा केला की गाडी अनैसर्गिक वळते, पुढची चाकं रस्त्याला चिकटल्यासारखी वाटतात. काही आठवड्यांतच कंपनीला ते सगळं दुरुस्त करावं लागलं. आदल्या वर्षी लोकांना आवडलेली गोष्ट मोडून, मग घाईघाईने जोडून दिली. वर्षभराची मुदत नसती, तर हीच तपासणी प्रकाशनाआधी झाली नसती का?

इथे परीक्षणांची आणखी एक अडचण दिसते. परीक्षण लिहिलं जातं पहिल्या काही दिवसांत. दुरुस्ती येते नंतर. गेम सुधारला तरी पहिल्या दिवशी पडलेला आकडा सहसा तोच राहतो. सहामाहीत नापास झालेल्या मुलाने वार्षिक परीक्षेत कितीही मार्क मिळवले, तरी दाखल्यावर सहामाहीचेच लिहायचे, अशातला हा प्रकार.

आणि एक बाजू तर परीक्षणांत मला फारच थोडी दिसते. दरवर्षी नवा गेम घेणारे किती असतात? आमचा नातू अजून 'एफ१ २०२०' च खेळतो. त्या गेममध्ये व्हिएतनाममधल्या हनोईचा रस्ता आहे. कोविडमुळे ती शर्यत त्या वर्षी झालीच नाही, पुढेही झाली नाही. म्हणजे ज्या रस्त्यावर एकही फॉर्म्युला वन शर्यत झाली नाही, तिथे हा पोरगा शंभरदा जिंकला आहे! आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचंही तसंच. तिथे २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या, आणि त्या तीन वर्षांच्या गेममध्ये तो रस्ता आहे. पुढच्या गेममध्ये नाही. नव्या वर्षी काय आलं हे परीक्षणं आवर्जून सांगतात, पण काय गेलं आणि ते कुठे मिळेल हे क्वचितच. त्यात परवान्याची मुदत संपली की यातले जुने भाग ऑनलाइन दुकानातून काढून टाकले जातात. गाइडची जुनी आवृत्ती निदान रद्दीवाल्याकडे तरी मिळायची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. अशा गेमला समीक्षकांनी दोन शेरे द्यावेत. एक मागच्या वर्षीचा गेम ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी, आणि तिथे खुशाल "घेऊ नका" असं लिहावं. दुसरा, चार-पाच वर्षांतून एकदाच घेणाऱ्या मुलासाठी. त्याला मागच्या वर्षीशी काय देणंघेणं? त्याला सांगावं की गाडी कशी चालते, पाऊस कसा पडतो, आई जेवायला हाक मारते तेव्हा शर्यत मध्येच सोडता येते का. आणि चांगली गोष्ट न बिघडवता जपली असेल, तर तेही गुण म्हणूनच लिहावं.

'एफ१ २५' बऱ्याच समीक्षकांना आवडला. २०२६ ला खऱ्या शर्यतींचे नियम पुन्हा मोठ्या प्रमाणात बदलले, गाड्या लहान आणि हलक्या झाल्या, विजेचा वाटा कितीतरी वाढला. अशा वेळी करणाऱ्यांनी दोन वर्षं घेतली तर त्यात वावगं काय? पुरवणीचे पैसे घेणार आहेत, तेव्हा ती तपासून घ्यावीच. पण थांबल्याबद्दल नावं ठेवू नयेत. आता २०२७ चा गेम येईल तेव्हा समीक्षक त्याची तुलना कशाशी करतात, हे मला वाचायचं आहे.

असो. बरंच लांबलं. तुमच्या घरी हे गेम खेळणारं कुणी असेल तर त्यांना विचारा, शेवटचा कुठला घेतला आणि अजून कुठला खेळतात. आणि मला जरूर कळवा. आमच्या घरातल्या मंडळींनी फोनवर सांगितलं तरी चालेल, पण रात्री नऊच्या आत.