देठाला लागलेले जांभूळ



आज पिकापाण्याचे बोलणे बाजूला ठेवून एका गाण्याविषयी लिहितो. झाड मात्र त्यातही आहेच, आपल्या ओढ्याकाठच्या जांभळाचे.

लोकशाहीर विठ्ठल उमप यांचा पहाडी आवाज तुम्ही ऐकला असेल. १५ जुलै १९३१ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. कोळीगीत, भीमगीत, पोवाडा, सारे त्यांनी गायिले. पण त्यांचे नाव निघाले की जाणत्यांना ‘जांभूळ आख्यान’ आठवते. सत्तरी ओलांडल्यावरही ते हे आख्यान उभे राहून सादर करीत.

आख्यान गोंधळ्यांच्या परंपरेतले. आपल्या मराठवाड्याला गोंधळ नवा नाही. लग्नानंतर तुळजाभवानीच्या नावाने संबळ वाजते, दिवटी पेटते आणि रात्रभर कथा चालते. या आख्यानातली कथा अशी, की पाच पती असूनही द्रौपदीचे मन कर्णाकडे ओढ घेते. कृष्णाला ते उमगते. पुढे वनात एक जांभूळ तोडले जाते. मनातले खरे सांगितल्याशिवाय ते पुन्हा देठाला लागणार नाही, असा पेच पडतो. द्रौपदीला सर्वांसमक्ष बोलावे लागते.

उमप एकटेच निवेदक होत, कृष्ण होत आणि द्रौपदीही होत. वय झालेला पुरुष तरण्या स्त्रीची घालमेल गातो आहे, हे पाहणारा विसरून जाई. तिला त्यांनी कधी हसण्यावारी नेले नाही. तिची लाज आणि तिची ओढ, दोन्ही ते सारख्याच मायेने गात. पिकलेल्या वयाने त्यांच्या गाण्यात ही माया उतरली असावी. जांभूळही झाडावरच पिकते, कच्चे तोडून अढीत घातले तर गोडी येत नाही.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच ते कोसळले आणि गेले. अखेरपर्यंत लोकांसमोर उभे राहिले.

तोडलेले फळ देठाला लागत नाही, असे आमचे शास्त्र सांगते. पण घरात तुटलेले माणूस जोडता येते. गावोगाव फिरताना मी पाहतो, की सावकाराचे देणे कारभाऱ्याने घरात सांगितलेले नसते. बी बियाण्याचे पैसे कुठून आले, हे कारभारणीला ठाऊक नसते. आतल्या आत कुढत माणूस खचतो. आपल्या भागात अशा कुढण्याने किती चुली विझल्या, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा एवढेच करा. आज रात्री जेवणे झाली, की घरातल्यांना जवळ बसवा आणि देण्याघेण्याचा खरा आकडा सांगा. ऐकणाऱ्यांनीही रागावू नये. द्रौपदीला जे भर सभेत सांगावे लागले, त्यापेक्षा हे सोपे आहे.